चकती लांब नको, तिरकी टाका: क्ले टार्गेट लावणाऱ्यांसाठी

क्ले टार्गेट म्हणजे मशीनने हवेत फेकलेली ठिसूळ चकती, नेमबाजाने ती बंदुकीने फोडायची. ती कुठून, कशी उडेल हे ठरवतो तो टार्गेट लावणारा, आणि त्याचं कौतुक कोणी करत नाही. स्कोअर चांगला आला तर नेमबाजाचा हात चांगला आणि पडला तर टार्गेट वाईट. हे एकदा मान्य करून टाकलं की पुढचं काम सोपं जातं.

माझा धंदा स्प्रिंगचा. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये छोटं वर्कशॉप आहे. एका गिऱ्हाइकाने चकत्या फेकायच्या मशीनची तुटलेली स्प्रिंग आणून दिली, आणि ती बसवून मशीन चालवून बघता बघता मी या नादाला लागलो. आता ओळखीतले लोक मैत्रीपूर्ण स्पर्धा ठेवतात, तेव्हा टार्गेट लावायला मला बोलावतात. मी स्वतः बंदूक फारशी चालवत नाही. त्याचा फायदाच होतो: माझा हात ज्या चकतीवर बसतो तीच सगळ्यांना द्यावी, असा मोह मला होत नाही.

हे ज्यांच्याकडे परवान्याची रेंज आहे, मशीन आहे आणि आता 'लावायचं काय' हा प्रश्न आहे त्यांच्यासाठी. बंदूक, काडतुसं, रेंज हे सगळं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येतं. ती कागदपत्रं आधी, चकती नंतर. "येऊरला मोकळी जागा दिसते, तिथे जमेल का?" असं विचारणारे भेटतात. येऊर म्हणजे राष्ट्रीय उद्यान, हा विषय तिथेच संपला. चकती नुसती फेकून बघायला मात्र बंदूक लागत नाही. मी मशीनची चाचणी तळोजा एमआयडीसीत एका मित्राच्या कंपनीमागच्या कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत घेतो. पलीकडे माणूस, रस्ता, गाडी काही नाही ना एवढं बघायचं आणि तुकडे उचलून आणायचे.

माझी कसोटी एकच आहे. चकती चुकल्यावर नेमबाजाला आपण का चुकलो ते कळलं पाहिजे. 'मागे राहिलो', 'वरून गेलो', 'घाई केली', असं काहीतरी त्याच्या तोंडून निघायला हवं. "काय झालं काही कळलंच नाही" असं एकामागून एक चारजण म्हणाले की तो स्टँड, म्हणजे नेमबाजाची उभं राहायची जागा आणि तिथून लावलेल्या चकत्या, फसला समजा. तेच सगळेजण डोळे मिटून फोडत असतील तर तोही फसला, फक्त त्याची तक्रार कोणी करत नाही.

अवघड करायचं म्हटलं की नवा माणूस पहिल्यांदा काय करतो? चकती लांब टाकतो. माझ्या मदतीला येणारा पोरगाही तेच. "काका, अजून दहा मीटर लांब टाकू?" मी म्हणतो, "लांब कशाला, तिरकी टाक." यामागे हिशेब आहे, तो समजून घ्या.

ताशी ६० किलोमीटर वेगाने आडवी जाणारी चकती सेकंदाला १६-१७ मीटर सरकते. बारा बोअरच्या बंदुकीचे साडेसात नंबरचे बारीक छर्रे २० मीटरवर पोचेपर्यंत ती साधारण एक मीटर पुढे गेलेली असते, ३० मीटरवर पावणेदोन, ४० मीटरवर जवळजवळ अडीच. एवढं पुढे धरणं शिकता येतं, सरावाने जमतं. खरी अडचण छर्ऱ्यांच्या पसरण्यात आहे. छर्रे जसे पुढे जातात तसे विरळ होतात. फुल चोकची, म्हणजे तोंडाशी सर्वात आवळलेली, नळीसुद्धा ३६-३७ मीटरवर साधारण ७० टक्के छर्रेच पाऊण मीटरच्या वर्तुळात ठेवते, मोकळ्या चोकची त्याहून कमी. चकती ११० मिलिमीटर व्यासाची आणि जाडी जेमतेम २५ मिलिमीटर. पन्नास मीटरवर ती कडेने दिसत असेल तर बरोबर नेम धरलेल्या माणसाच्याही छर्ऱ्यांतून निसटते. त्याने सगळं बरोबर केलं आणि तरी शून्य मिळालं. शेजारच्याने तेच केलं आणि त्याची फुटली. ही झाली लॉटरी.

म्हणून मी ३५ मीटरच्या पुढे क्वचित जातो, आणि गेलोच तर चकती पोट, म्हणजे खालची गोल बाजू, दाखवत जाईल अशी मशीन तिरकी करतो. लांबच्या चकतीने पोट दाखवायचं, जवळच्या चकतीने कड दाखवली तरी चालते. हे एवढं पाळलंत तर निम्म्या तक्रारी कमी होतील.

मग अवघडपणा आणायचा कुठून? डोळ्याला फसवून. चकतीचा मार्ग डोळ्याला एक वाटावा आणि प्रत्यक्षात दुसरा असावा, पण नीट बघणाऱ्याला तो दिसावा. सरळ जाते असं वाटतं आणि खरं तर हळूच खाली येत असते. जोरात निघते आणि फोडायच्या जागी तिचा दम संपलेला असतो, मग सवयीने पुढे धरणारा पुढून मारतो. डोंगराच्या उतारावर आडवी टाकलेली चकती वर चढते आहे असा भास होतो, कारण डोळा जमिनीची रेघ धरतो. हे सगळे डाव जवळ लावता येतात, २०-२५ मीटरवर. दुसऱ्या फेरीत माणूस बारकाईने बघतो, ओळखतो आणि फोडतो. तो जो आवाज काढतो ना तेव्हा, त्यासाठी मी उन्हात उभा राहतो.

चकत्यांचे प्रकार हाताशी असतील तर काम आणखी सोपं. नेहमीची ११० मिलिमीटरची, तिचं वजन १०५ ग्रॅमच्या आसपास. मिडी ९० मिलिमीटरची. ती आकाशात नेहमीच्या चकतीसारखीच दिसते, त्यामुळे आहे त्यापेक्षा लांब वाटते, आणि वेगही जास्त धरते. मिनी ६० मिलिमीटरची. ती सुसाट निघते आणि पटकन मंदावते. बत्तू म्हणजे पातळ चकती: आधी कडेने येते, दिसत पण नाही, मग उलटते आणि पूर्ण तोंड दाखवून खाली कोसळते. तिला उलटण्याआधी मारायचा उतावीळपणा करणारे नेहमी चुकतात, थांबणाऱ्याला ती सोपी जाते. बत्तू मला फार आवडते, पण एका दिवसात एकाच स्टँडवर. दोन ठिकाणी लावली की लोक कंटाळतात.

रॅबिट, म्हणजे जमिनीवरून घरंगळत जाणारी जाड कडेची चकती, हे वेगळंच प्रकरण. आपल्याकडची जमीन खडकाळ, गवताचे बुंधे, मधेच एखादा दगड. एकाच्या वेळी चकती सुतासारखी सरळ जाते, दुसऱ्याच्या वेळी दगडावर आपटून दोन फूट उडते. प्रेक्षकांना मजा वाटते, पण स्कोअर लिहायचा असेल तर हा अन्याय आहे. उपाय स्वस्त आहे. तळोज्याच्या भंगारवाल्यांकडे कन्व्हेयरचा जुना रबरी पट्टा मिळतो. तो मशीनच्या तोंडापासून फोडायच्या जागेच्या थोडं पुढेपर्यंत अंथरायचा, कडा मातीने दाबायच्या. चकती पट्ट्यावरून एकसारखी पळते. पट्टा काळा, म्हणून रॅबिट केशरी घ्या.

रंगाचं आलंच आहे तर: मागे हिरवा डोंगर असेल तर केशरी, मोकळं आकाश असेल तर काळी. पारसिकच्या डोंगराकडे ऑक्टोबरात बघा आणि एप्रिलमध्ये बघा. ऑक्टोबरात हिरवागार, एप्रिलमध्ये वाळलेल्या गवताचा भुरकट, आणि त्या भुरकट रंगावर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात केशरी चकती विरघळून जाते. गेल्या मोसमातला कागद बघून रंग ठरवू नका, त्या दिवशी जाऊन चकती उडवून बघा.

आता समानतेचं बोलू. पहिल्या माणसाला मिळाली तीच चकती शेवटच्याला मिळाली पाहिजे. ऑलिंपिक ट्रॅपमध्ये हे किती काटेकोर असतं ते बघण्यासारखं आहे. खंदकात १५ मशीन, तीन-तीनचे पाच गट, नेमबाज १५ मीटर मागे. कोणती चकती कधी सुटेल ते कोणाला ठाऊक नसतं, पण २५ चकत्यांच्या फेरीत प्रत्येकाला डावीकडच्या १०, उजवीकडच्या १० आणि मधल्या ५ मिळतातच. क्रम वेगळा असला तरी माप सगळ्यांना एकच. स्कीटमध्ये दोन घरांतून येणाऱ्या चकत्या एका ठरलेल्या बिंदूवरून जाव्या लागतात आणि तपासायला तिथे ९० सेंटिमीटर व्यासाची कडी उभी करतात. २००४ साली अथेन्सला राज्यवर्धन सिंग राठोड यांनी डबल ट्रॅपमध्ये (यात दोन चकत्या एकदम सुटतात) रौप्य मिळवलं, तेव्हापासून आपल्याकडे या खेळाचं नाव तरी झालं. २०२४ च्या पॅरिसमध्ये महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नारुका यांचं मिश्र स्कीटचं कांस्य ४३-४४ असं, एका चकतीने गेलं. एका चकतीला एवढी किंमत असते. आपली गावजत्रेइतकी छोटी स्पर्धा असली तरी नेमबाजाच्या डोक्यात ती तेवढीच मोठी असते.

आपल्याकडे कडी नसेल तर बांबू चालतो. चकती जिथे सर्वात उंच जाते त्याच्या बाजूला, छर्ऱ्यांच्या रेषेबाहेर, बांबू रोवायचा आणि चकतीच्या उंचीला लाल चिंधी बांधायची. न फुटलेली चकती जिथे पडते तिथे चुन्याची खूण करायची. प्रत्येक तुकडी बदलली की गोळीबार थांबवून तीन चकत्या मोकळ्या सोडायच्या, चिंधी आणि चुना बघायचा. दोन मिनिटांचं काम आहे. हे न केल्यामुळे दुपारी होणाऱ्या वादात अर्धा तास जातो.

चकती जागा का सोडते, यावर मी तासभर बोलू शकतो, पण मुख्य तेवढं सांगतो. पहिलं, मशीनचा पाया. दर फेकीला मशीनला उलटा धक्का बसतो. मुरमाड जमिनीत ठोकलेल्या खुंट्या दुपारपर्यंत हलतात आणि मशीन दोन अंशांनी फिरलं की ३० मीटरवर चकती एक मीटर सरकते. वाळूची पोती टाकाच, शिवाय पायांभोवती रंगाची खूण करा, म्हणजे हललेलं लगेच दिसतं. दुसरं, मशीनच्या फेकणाऱ्या हातावरची रबरी पट्टी. चकतीला गरगर फिरवते ती पट्टी. ती गुळगुळीत झाली की चकती कमी फिरते आणि वाऱ्यात डुगडुगते. तिसरं, स्प्रिंगचा ताणनट. तो सैल होतो, म्हणून लॉकनट लावून त्यावर मार्करची रेघ मारायची. आणि चौथं, एकाच मशीनमध्ये दोन वेगवेगळ्या पेट्यांतला माल मिसळायचा नाही. पाच ग्रॅमचा फरक हातात कळत नाही, हवेत कळतो.

एक गैरसमज जाता जाता. बॅटरी उतरली की चकती हळू जाते असं अनेकजण छातीठोकपणे सांगतात. बारा व्होल्टची बॅटरी फक्त हात मागे ओढून धरते, चकती फेकते ती स्प्रिंग. बॅटरी उतरल्यावर हात पुन्हा तयार व्हायला वेळ लागतो. त्याचा त्रास होतो एका मशीनमधून लागोपाठ दोन चकत्या असतील तेव्हा, कारण दुसरी उशिरा येते. तेव्हा दुपारच्या जेवणाला बॅटरी बदला, स्प्रिंगला हात लावू नका. उगाच ताण वाढवून चकती बिघडवणारे मी बघितले आहेत.

ऊन आणि वारा यांना तुम्ही हात लावू शकत नाही, पण त्यांचं वेळापत्रक माहीत असतं. नेमबाजाचं तोंड उत्तरेकडे ठेवा, मग सूर्य सकाळ-संध्याकाळ बाजूला आणि दुपारी पाठीशी राहतो. ठाणे-नवी मुंबईत हिवाळ्यात सकाळी वारा पडलेला असतो किंवा पूर्वेकडून हलका येतो, दुपारी खाडी-समुद्राकडून पश्चिमेचा सुटतो. उत्तरेकडे तोंड केलेल्या माणसाला डावीकडून उजवीकडे जाणारी चकती दुपारी वारा पाठीशी घेऊन जाते, आणि पाठीमागून वारा आला की चकती दबते, लवकर खाली येते. उलट दिशेची वाऱ्याच्या तोंडावर जाते, ती वर उचलली जाते आणि मंदावते. म्हणजे सकाळी ज्या तुकडीने हा स्टँड मारला तिला एक चकती मिळाली आणि दुपारच्या तुकडीला दुसरीच. म्हणून वाऱ्याला हलक्या असणाऱ्या चकत्या, म्हणजे उंच जाणाऱ्या आणि बराच वेळ हवेत राहणाऱ्या, झाडांच्या किंवा टेकाडाच्या आडोशाला लावायच्या. उघड्यावर जवळच्या, बुटक्या, वेगवान चकत्या. चाचणी एकदा सकाळी आठला आणि एकदा दुपारी तीनला, दोन्ही वेळा घ्यावी.

आता प्रत्यक्ष एक स्टँड बघा, मला विशेष जमलेला. डावीकडे सागाचं झाड, त्यामागे मशीन. अ चकती: मिडी, डावीकडून उजवीकडे, २२ मीटरवर, झाडामागून निघून मोकळ्या फटीतून जाते आणि पुढे बांबूच्या बेटामागे लपते. फट एवढी ठेवली की चकती दिसल्यापासून लपेपर्यंत दोन सेकंद मिळतात. ब चकती: नेहमीची, समोरून येणारी, मंद, डोक्याच्या अलीकडे १५ मीटरवर जमिनीला लागणारी. अ वर गोळी झाडल्याचा आवाज झाला की ब सोडायची. कागदावर वाचलं तर ब म्हणजे फुकटचा गुण. पण मिडीच्या मागे जोरात फिरवलेली बंदूक थांबवून या आळशी चकतीकडे आणायची, आणि तिची वाट बघायची, हे भल्याभल्यांना जमत नाही. एक निवृत्त गृहस्थ, घोडबंदर रोडला राहतात, जुने नेमबाज, ब वर सलग चुकल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "काका, ही चकती तुम्ही हातानेच टाकताय की काय?" मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तिच्या आधी पोचताय." पुढची फोडली. झाडाची फांदी वाऱ्याने फटीत येते, तेवढी आदल्या दिवशी छाटून घ्यावी लागते.

याच स्टँडवर एक गोष्ट मुद्दाम करतो: पिंजऱ्यात, म्हणजे नेमबाज उभा राहतो त्या चौकटीत, उभं राहून गुडघे वाकवून बघतो. साडेपाच फुटांच्या आतल्या मुलीला झुडपावरून चकती सहा फुटी माणसापेक्षा उशिरा दिसत असेल तर झुडूप कापायचं. डाव्या हाताने मारणाऱ्याचाही विचार करा. उजव्या हाताच्या माणसाला डावीकडून उजवीकडे जाणारी चकती जड जाते, डावखुऱ्याला उलटी. दिवसभरात दोन्ही बाजूंच्या जवळपास सारख्या ठेवल्या की कोणी बोलत नाही.

सुरुवात सोपी ठेवा. पहिल्या स्टँडवर निम्मे लोक पूर्ण मारू शकतील असंच लावा. घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून दोन तास काढून आलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत शून्य दाखवायचं नसतं. सर्वात अवघड स्टँड मधे, चहाच्या आधी. शेवटी काहीतरी धमाल, जोडीने सुटणाऱ्या दोन चकत्या वगैरे. माझा अंदाज असा: १०० चकत्यांत जिंकणारा ९० च्या आसपास आणि मधला गडी ६० ते ६५. जिंकणारा ७० वर अडकला तर मी जास्त शहाणपणा केला. शंभरला शंभर चौघांना पडले तर झोपा काढल्या.

सुरक्षेचं थोडक्यात, पण यात सवलत नाही. मशीनचा ताणलेला हात हाड मोडतो. बॅटरी काढली तरी स्प्रिंगमधला ताण तसाच राहतो, म्हणून आधी हात मोकळा सोडायचा, मग जवळ जायचं, आणि हाताच्या फिरण्याच्या वर्तुळात कोणीही उभं राहायचं नाही, चकत्या भरणारा तर मुळीच नाही. मशीनवरचा माणूस गोळीच्या रेषेबाहेर किंवा भक्कम आडोशामागे. साडेसात नंबरचे छर्रे पडायला समोर २७५ ते ३०० मीटर मोकळी जागा राखावी, आणि प्रत्येक स्टँडची ही पट्टी कागदावर आखून दुसऱ्या स्टँडवर किंवा पायवाटेवर येत नाही ना ते बघावं. पिंजऱ्याच्या आडव्या-उभ्या पट्ट्यांनी बंदूक किती फिरेल याला मर्यादा घाला. चष्मा आणि कानाला बंदिस्ती सगळ्यांना, चहा वाटणाऱ्या पोरालासुद्धा. समोरून येणाऱ्या चकतीचे तुकडे फार लांब येतात.

काम संपल्यावर स्कोअरचे कागद घरी न्या. बेरीज बघू नका, स्टँडवार बघा. एखाद्या चकतीवर चांगले आणि कच्चे दोघेही सारखेच चुकले असतील तर ती लॉटरी होती. चांगले मारतात आणि कच्चे चुकतात ती जातिवंत चकती, तिची मशीनची जागा, कोन, नटची रेघ वहीत लिहून ठेवा. मैदानातले तुकडे गोळा करा. चकती डांबरी पिच आणि चुनखडीच्या भुकटीची असते, ती गुराढोरांच्या पोटात जाऊ नये.

आणि माल नीट ठेवा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पेट्या रचून ठेवल्या की पिच मऊ होऊन चकत्या एकमेकींना चिकटतात, मशीनमध्ये दोन एकदम उतरतात किंवा निघतानाच फुटतात, आणि मऊ झालेली चकती छर्रा लागूनही फुटत नाही, नुसती भोक पाडून घेते. पेट्या सावलीत, लाकडी फळ्यांवर, चारपेक्षा जास्त थर नाही. पावसाळ्यासाठी मशीन आवरताना स्प्रिंग सैल सोडा, ग्रीस लावा, बेअरिंगला तेल द्या आणि प्लॅस्टिक गच्च गुंडाळू नका. आत दमट हवा कोंडली की जुलैत उघडाल तेव्हा नट फिरणार नाही, आणि मग मशीन वागळे इस्टेटला आणावं लागतं.